बीएमएक्स घ्या, पण तिला कामावर नेऊ नका

वाचकाचं पत्र:

सायकलवाले दादा, नमस्कार. वय ४२, उंची पाच फूट नऊ इंच, वजन ८२ किलो. जुळे सोलापुरात राहतो आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. शाळेत असताना माझ्याकडे वीस इंची बीएमएक्स होती. हँडलला आडवा बार, त्यावर फोमचं पॅड. होम मैदानावर आम्ही पोरं तिचं चाक उचलून चालवायचो, कट्ट्यांवरनं उड्या मारायचो. कॉलेज लागलं आणि सायकल गेली. आता परत घ्यावी असं फार दिवस मनात आहे. कारखान्याला तीच न्यावी म्हणतो, जाऊन-येऊन सोळा किलोमीटर पडतं. पेट्रोल वाचेल, पोट उतरेल, आणि मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्यालाही चालवता येईल. बजेट २५ हजार. इथल्या एका दुकानात साडेसात हजारांची बीएमएक्स दाखवली. पुण्यातला एक जण वापरलेली परदेशी सायकल २२ हजारांना देतो म्हणतोय. मित्र म्हणतो, तुझ्या वयाला चोवीस इंची घे. बायको म्हणते, जिना उतरताना गुडघा धरता आणि उड्या कसल्या मारता? काय करावं?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर:

रागावू नका, पण तुमच्या पत्रात सायकल घ्यायची चार कारणं आहेत आणि त्यातली तीन वहिनींना सांगण्यासाठी तयार केलेली आहेत: पेट्रोल, पोट आणि पोरगा. चौथं कारण तुम्ही सुरुवातीलाच लिहिलंत आणि घाईघाईनं पुढे गेलात. होम मैदानावर चाक उचलायचो, हे ते कारण. खरं तेवढंच आहे आणि सायकल त्याच्यासाठीच घ्यायची. हे मी तुम्हाला चिडवायला म्हणत नाही. कारण बदललं की सायकलचं माप, चाक, किंमत सगळंच बदलतं, म्हणून आधी ते पक्कं करतोय.

बीएमएक्स ही कुठे जायची सायकल नव्हेच. १९७० च्या आसपास कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या शर्यतीच्या मोटारसायकलींची नक्कल करत लहान चाकांच्या सायकली मातीत घालायला लागली, तिथनं तिचा जन्म. आधी शर्यती आल्या, मग उड्या आणि गिरक्या. २००८ साली बीजिंगला शर्यत ऑलिम्पिकमध्ये आली, आणि कसरतीचा प्रकार टोकियोत, म्हणजे २०२१ मध्ये. या सगळ्या उद्योगात सीटवर बसून पायडल मारायचं काम जवळजवळ नसतंच. सीट मुद्दाम खाली ठेवलेली असते, सायकल अंगाखाली फिरवताना ती मांडीला लागू नये म्हणून.

आता हिच्यावर तुमचे आठ किलोमीटर धरा. हल्लीच्या बीएमएक्सला पुढे साधारण २५ दात्यांचं चेनव्हील आणि मागे ९ दाते असतात. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की चाकाचे पावणेतीन फेरे होतात आणि सायकल सव्वाचार-साडेचार मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारलेत तर तासाला सोळा किलोमीटर, म्हणजे कारखाना अर्ध्या तासावर. कागदावर हिशेब छान बसतो, तुमचा व्यवसायच तो आहे. पण त्या अर्ध्या तासात साधारण अठराशे वेळा तुमचा गुडघा छातीकडे येणार, कारण सीट गुडघ्याच्या जरा वर. उभं राहून मारायचं ठरवलंत तर विजापूर रोडलाच मांड्या भरून येतील. सीट वर काढावी म्हणाल तर पाइपच आखूड असतो. लांब पाइप घातलात तर सगळं वजन मागच्या चाकावर जाऊन पुढचं हलकं होतं, आणि सायकल रस्त्यावर डुलायला लागते. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, स्टँड नाही, डबा लटकवायला जागा नाही. कारखान्याला जायचंच असेल तर साधी २६ इंची बिन-शॉकअपची सायकल बघा. घरात जुनी पडली असेल तर ओव्हरहॉल करून घ्या, हजारभरात काम होईल. पोटाचं म्हणाल, तर अर्धा तास चाक उचलायचा सराव केला की घाम निथळतो हे खरं, पण त्यानंतर शेंगाचटणीबरोबर चौथी कडक भाकरीही सहज जाते.

आता ती साडेसात हजारांची. वीस इंची चाक आणि उंच हँडल असलेल्या कुठल्याही पोरांच्या सायकलला आपल्याकडे बीएमएक्सचं स्टिकर लागतं. तुमची शाळेतली सायकलही बहुधा तसलीच असणार. तेव्हा तुमचं वजन पस्तीस किलो होतं, म्हणून ती टिकली.

दुकानात गेलात की स्टिकर वाचू नका, खाली बसा आणि पायडलच्या दांड्या जिथे मधोमध जोडल्यात तिथे बघा. दांडीतून आडवी कॉटर पिन ठोकलेली दिसली तर उठा आणि चहा प्या. एकच जाड सळई वाकवून या बाजूच्या पायडलपासून त्या बाजूच्या पायडलपर्यंत नेलेली दिसली तर तो एकसंध क्रँक. लहान पोरांच्या सायकलला ठीक, ८२ किलोच्या माणसानं कट्ट्यावरनं उतरायला नाही. पाहिजे तो तीन तुकड्यांचा क्रँक: मधला एक्सल वेगळा, त्याच्या टोकाला बारीक खाचा, आणि दोन्ही बाजूंच्या दांड्या त्या खाचांवर बसवून बोल्टनं आवळलेल्या. मग मागच्या चाकाचा एक्सल बघा. कसरतीच्या बीएमएक्सला तो १४ मिलिमीटरचा असतो, चांगला करंगळीएवढा जाड. साध्या सायकलीचा त्यापुढे काडी वाटतो. या दोन गोष्टी बघितल्या की दुकानदाराशी जास्त बोलावं लागत नाही. त्याला दोष देण्यातही अर्थ नाही, त्याचं गिऱ्हाईक दहा वर्षांचं असतं.

धातूचं थोडक्यात. स्वस्त सायकल हाय-टेन स्टीलची असते, चांगली क्रोमोलीची. क्रोमोली म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं पोलाद. नळीवर किंवा माहितीपत्रकात ४१३० असा आकडा दिसेल. ते जास्त ताकदीचं, त्यामुळे नळी पातळ ठेवता येते आणि सायकल हलकी होते. फसगत होते ती ‘क्रोमोली फ्रेम’ या शब्दांत, कारण कधी कधी पुढच्या तीन नळ्याच क्रोमोलीच्या असतात, कधी फक्त खालची एक. म्हणून विचारताना एकेक नाव घेऊन विचारा: फ्रेम पूर्ण का, पुढचं चाक धरणारा चिमटा कशाचा, हँडल कशाचं, क्रँक कशाचा. नव्या सायकलीत २५ हजारांत सगळंच क्रोमोलीचं मिळणं कठीण आहे, आयात मालावर किंमत चढते. निवडायची वेळ आली तर मी चिमटा, हँडल आणि क्रँक आधी बघेन, फ्रेम नंतर. मागची नळी तडकली तर सायकल करकरते आणि तुम्हाला कळतं. चिमटा किंवा हँडल तुटलं तर थेट तोंडावर.

माप. इथे नव्यानं घेणारे सगळे गडबडतात, कारण पोराची असो की सहा फुटी माणसाची, चाक वीस इंचीच. बदलते ती दांडीची लांबी, म्हणजे आपण डबलसीट बसवायचो ती वरची नळी. ती इंचात मोजतात आणि पाव इंचानंही फरक पडतो. पाच फूट चार ते आठ इंच उंचीला साधारण साडेवीस इंची, तुमच्या उंचीला पावणेएकवीस ते एकवीस, सहा फुटांच्या वर सव्वाएकवीस आणि पुढे. तुम्ही सरळ एकवीस घ्या. आखूड दांडीची सायकल गरकन फिरते, पोरांना ती आवडते. पण वीस-पंचवीस वर्षांनी परत बसणाऱ्याचे गुडघे हँडलला आपटतात आणि तो पुढे तोल जाऊन पडतो. हँडल नऊ इंच किंवा त्याहून उंच असावं, म्हणजे कमरेत वाकावं लागत नाही. मधल्या एक्सलपासून मागच्या चाकाच्या एक्सलपर्यंतचं अंतर जितकं कमी तितकं चाक पटकन उचललं जातं आणि तितकीच सायकल अस्थिर होते. तुम्हाला साडेतेरा इंचांच्या आसपास पुरे. अगदी आखूड तेराच्या मागे लागू नका.

तुमचा मित्र सांगतो ती चोवीस इंची खरोखरच असते, तिला क्रूझर म्हणतात. मोठ्या चाकामुळे खड्ड्यात कमी अडकते, सरळ छान पळते, मोठ्या माणसाला बरी वाटते. पण उचलायला जड, वळवायला संथ. आणि एक सावधगिरी: दुकानात नुसतं चोवीस इंची म्हणालात तर सातवीतल्या मुलाची गिअरची सायकल पुढे येईल, तिचा बीएमएक्सशी काही संबंध नाही. २२ इंची चाकांच्याही बीएमएक्स निघतात, पण टायर फाटला तर सोलापुरात काय पुण्यातही शोधत बसावं लागेल, तो नाद सोडा. माझं मत वीस इंचीकडेच आहे, कारण तुम्हाला जे परत करायचंय ते तिच्यावरच करता येतं. घेण्याआधी एवढं करा: मुलाच्या किंवा शेजारच्या कुठल्याही सायकलवर दहा मिनिटं सीटला न टेकता, पायडलवर उभं राहून गोल गोल फिरा. मांड्या भरल्या तर हरकत नाही, महिन्यात सरावतात. कंबर धरली तर मात्र मित्राचं ऐका आणि चोवीस इंची शोधा.

आता वहिनींचा मुद्दा. त्यांनी गुडघ्याचं नाव घेतलंय, आणि तुम्ही त्यावर एक शब्दही लिहिला नाहीत. याचा अर्थ त्या बरोबर आहेत. जिना उतरताना दुखणं म्हणजे बहुतेकदा वाटीमागचं दुखणं. आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा, मांडीचे व्यायाम सांगतील ते महिनाभर करा, मग सायकल. वयाचं म्हणाल तर अमेरिकेतला डेनिस मॅकॉय, जन्म १९६६ चा, पन्नाशी उलटल्यावरही एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत उंच अर्धगोल रॅम्पवर उतरला होता. पण हे उदाहरण वहिनींपुढे मांडू नका. तो माणूस मध्ये थांबलाच नव्हता, आणि त्या नेमकं तेच बोट ठेवतील.

पडणार तुम्ही, हे धरूनच चला. लहानपणी पडलो की गुडघा सोलायचा. या वयात पडताना माणूस हात पुढे करतो आणि सगळं वजन मनगटावर येतं. पडल्यावर अंगठ्याच्या बुडाशी, मनगटावर अंगठा ताणला की खोबण दिसते तिथे दाबून दुखलं, तर मुरगळलंय म्हणून तेल लावत बसू नका. तिथे स्कॅफॉइड नावाचं बारकं हाड असतं. त्याला गेलेली चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतच नाही, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. आणि त्या हाडाचा रक्तपुरवठा कमी, त्यामुळे दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही आणि मनगट कायमचं जातं. कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला मनगट लागतं. म्हणून २५ हजारांतले साडेतीन-चार हजार सायकलला हातच लावायच्या आधी बाजूला काढा: हेल्मेट, गुडघ्याची पॅड, तळव्याला जाड कातडं असलेले हातमोजे. हेल्मेटच्या आत ईएन १०७८ असा शिक्का शोधा, तो सायकल आणि स्केटिंगच्या हेल्मेटचा असतो. मोटारसायकलचं हेल्मेट घालून बीएमएक्स चालवणारे मी पाहिलेत. एप्रिलमध्ये त्यांचं काय होतं ते तुम्हीच कल्पा.

सुरुवात कुठे आणि कशी, हेही सांगून टाकतो. होम मैदान जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचं असतं, तेव्हा तिकडे फिरकू नका. एरवी पहाटे जा, किंवा सुट्टीच्या दिवशी तुमच्याच एमआयडीसीतले रिकामे रस्ते बघा. मार्चपासून सकाळी सातच्या आत घरात. पहिले पंधरा दिवस उडी नाही. नुसतं सावकाश चालवा, आठाच्या आकड्यात फिरा, पायडल आडवी ठेवून जागच्या जागी तोल धरा. मग आधी नुसतं पुढचं चाक उचलून फुटपाथवर ठेवायचं, मग नुसतं मागचं. दोन्ही जमलं की दोन्ही एकदम, तीच ती उडी. कट्ट्यावरनं खाली उतरणं पोरांना सोपं वाटतं, पण तेच शेवटी. वर चढताना चुकलं तर सायकल अडते, उतरताना चुकलं तर माणूस.

ब्रेक मात्र हवा. कसरतवाल्यांच्यात बिन-ब्रेकची फॅशन आहे, बुटाचा तळवा मागच्या टायरला लावून थांबतात. ती फॅशन त्यांना लखलाभ. निदान मागचा ब्रेक असलाच पाहिजे, आणि फ्रेमला तो बसवायचे उंचवटे आहेत का ते बघा. काही फ्रेमना ते मुळातच नसतात आणि मग पुढे काही करता येत नाही.

मुलाला चालवता येईल का? एकवीस इंची दांडीची सायकल अकरा वर्षांच्या पोराला लांब पडते, हातच पुरणार नाहीत. दोघांनाही चालेल म्हणून मधलं माप घेतलंत तर दोघांनाही चालणार नाही. त्याला दुकानातली साडेसात हजारांची घ्या. ती त्याच्यासाठीच बनवलेली आहे, आणि वडील शेजारी पडताना दिसले की त्याचीही मजा आहे.

आता सोलापूरचं दुखणं म्हणजे काटे. सराटा आणि बाभूळ, दोन्ही मोकळ्या मैदानावर असतातच. हिप्परग्याच्या बाजूला एखादी रविवारची फेरी मारलीत तर टायर हातात घेऊन बघा, सराट्याची चार-पाच शिंगं रुतलेली सापडतील. जाड ट्यूब घाला किंवा ट्यूबमध्ये सीलंट घाला. टायरच्या कडेला ४०६ हा आकडा असतो, तो या चाकाच्या रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये. तोच आकडा पोरांच्या जाड टायरच्या वीस इंची सायकलवरही सापडतो, त्यामुळे अडचणीच्या वेळी ट्यूब नव्या पेठेतच काय, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडेही मिळते. हवेचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा असतो, पेट्रोल पंपावर भरता येते. पण ट्यूब एवढीशी असते की पंपाची नळी क्षणभर जास्त दाबली तरी फुटायची, हातपंपानंच पन्नास-साठ पीएसआय भरा. चेनही आपल्या साध्या सायकलचीच चालते.

मिळत नाहीत ते मागचे नऊ दाते, म्हणजे ड्रायव्हर, आणि मधल्या एक्सलची बेअरिंग. बाकीच्या बेअरिंगची चिंता या गावात तरी करू नका. छर्रे असलेली हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, धूळ खाऊन दोन महिन्यांत खरखरते, म्हणून बंद बेअरिंगचीच घ्या. तिच्या काळ्या झाकणावर नंबर छापलेला असतो. हबचं बेअरिंग खराब झालं की ते खिशात घालून मशिनरीच्या बेअरिंगवाल्याकडे जा. यंत्रमागाच्या गावात तो माणूस नंबर वाचून डोळे मिटून डबी काढतो, आणि सायकलच्या दुकानापेक्षा स्वस्तात. मधल्या एक्सलच्या बेअरिंगचं माप मात्र बीएमएक्सपुरतंच असतं. ते सायकल घेतानाच एक जोडी जादा मागवून ठेवा.

हे सगळं लक्षात घेता पुण्याची सायकल बघायला जायला हरकत नाही, फोटोवर पैसे पाठवू नका. जायच्या आधी त्याच्याकडून चार फोटो मागा: हँडलच्या नळीमागे खालची नळी जोडली जाते त्याची खालची बाजू, मधल्या एक्सलचा भाग खालून, मागचं चाक बसतं त्या दोन्ही खाचा, आणि सायकल पूर्ण बाजूनं. पहिल्या दोन जागी रंगाला सुरकुती किंवा केसासारखी रेष दिसली तर फ्रेम वाकलीय किंवा तडकलीय. चौथ्या फोटोत हँडलच्या नळीची रेघ डोळ्यांनी खाली चिमट्यापर्यंत ओढा. चिमट्याचे पाय त्या रेघेच्या मागे सरकलेले दिसले तर ही सायकल कुठेतरी समोरून जोरात आपटलीय. असल्या सायकलीला २२ काय, १२ हजारही जास्त. आणि दांडीचं माप टेपवर दाखवायला सांगा. साडेवीस निघाली तर कितीही चांगली असली तरी सोडा.

फोटो ठीक आले तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जा. तिथे चाकं फिरवून आउट बघा. थोडा आउट निघाला तर तारा आवळून निघतो, रिमला खड्डा असेल तर नाही. पुढचा ब्रेक नसेल तर पुढचं चाक भिंतीला टेकवून हँडल पुढे-मागे ढकला, टकटक आवाज आला तर हेडसेट, म्हणजे हँडलच्या नळीतली बेअरिंग, ढिला किंवा गेलेला. क्रँक हातानं आडवा हलवा, खेळ नको. पायडल उलटं फिरवून मागच्या हबचा आवाज ऐका, मधेच अडकून सुटत असेल तर ड्रायव्हर जायच्या वाटेवर आहे आणि तो इथे मिळत नाही हे वर सांगितलंच. मग त्याच्याच गल्लीत दोन चकरा मारा, बसून नव्हे, उभं राहून. हँडल सोडायचं धाडस करू नका, पण दोन बोटांवर धरून बघा, सायकल एका बाजूला ओढते का. सगळं बरं निघालं तर एकोणीसला मागा, वीस-साडेवीसला उचला. तेवढ्यात हेल्मेट-पॅडचे पैसे सुटतात.

येताना रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बुक करून आणता येते, नाहीतर ट्रॅव्हल्सच्या डिकीत. दोन्हीला आधी पुढचं चाक काढा, हँडल सोडवून दांडीला समांतर बांधा आणि पायडल काढा. त्यासाठी १५ नंबरचा पाना घरनंच न्या. उजवं पायडल नेहमीसारखं सुटतं, डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवलं की निघतं. उलट जोर लावलात तर ते आणखी आवळलं जाईल आणि पुण्याच्या फुटपाथवर बसून गाडी चुकेल.